भातलावणीतला ताप: लेप्टोचा संशय कधी घ्यायचा आणि गावाने काय करायचे?

प्रश्न: लालमाती

मी सिंधुदुर्गातील कुडाळ तालुक्यातल्या एका ग्रामपंचायतीचा सदस्य असून व्यवसायाने शेतकरी आहे. आमच्याकडे मृग लागला की चिखलणीला सुरुवात होते आणि आषाढ सरेपर्यंत घरातली धडधाकट माणसे दिवसभर चिखलात उभी असतात. याच दिवसांत तापाचे रुग्ण वाढतात. बहुतेक जण चार-पाच दिवसांत बरे होतात, पण एखाद-दुसरा रुग्ण पाहता पाहता हाताबाहेर जातो.

गेल्या पावसाळ्यात शेजारच्या वाडीतला चाळिशीतला शेतकरी असाच गेला. तापाच्या दुसऱ्या दिवशी त्याने एका खासगी दवाखान्यात अंगदुखीचे इंजेक्शन घेतले. तिसऱ्या दिवशी लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिसची) तपासणी केली, ती निगेटिव्ह आली आणि घरचे निश्चिंत झाले. पुढे ताप थोडा उतरलाही होता, म्हणून तो पुन्हा शेतात जाऊन आला. त्यानंतर दोन दिवसांत डोळे पिवळे झाले, लघवी कमी झाली आणि जिल्ह्याच्या रुग्णालयात पोहोचेपर्यंत त्याला धाप लागली होती. मृत्यूच्या कारणात लेप्टोच लिहिले गेले. कोणाला दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही. मात्र निगेटिव्ह रिपोर्ट हातात असताना माणूस त्याच आजाराने कसा जातो, याचे उत्तर मला आजवर कोणी नीट दिलेले नाही.

साध्या तापातून हा ताप वेगळा कसा ओळखावा आणि कोणती लक्षणे दिसताच रुग्णाला हलवावे, हे जाणकारांनी सांगावे. प्रतिबंधक गोळी गावात सरसकट वाटावी, असा आमच्या ग्रामसभेत आग्रह आहे, तो कितपत योग्य आहे? शेतांत ब्लीचिंग पावडर टाकण्याचा प्रस्तावही आला आहे. त्या मृत्यूनंतर त्या घराकडे लोकांनी जाणे-येणे टाकले होते, म्हणून हा आजार माणसापासून माणसाला होतो का, तेही स्पष्ट व्हावे.

उत्तर: निवृत्त वैद्यकीय अधिकारी

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचे उत्तर लहान आहे. लेप्टो रुग्णाच्या सहवासाने पसरत नाही, असे व्यवहारात धरून चालावे. रुग्णाला वेगळे ठेवण्याची, त्याची भांडी वेगळी करण्याची किंवा घरावर बहिष्कार घालण्याची काहीही गरज नाही. शेजारच्या दोन घरांत एकाच आठवड्यात रुग्ण निघाले, तर दोघे एकाच पाण्यात उतरले होते, एवढाच त्याचा अर्थ असतो.

या आजाराचे जंतू उंदीर-घुशींच्या आणि गुरे, डुकरे, कुत्रे यांच्याही मूत्रातून बाहेर पडतात आणि ओल्या मातीत किंवा साचलेल्या गोड्या पाण्यात काही आठवडे तग धरतात. पायाला पडलेली चीर, चिखल्यांनी सोललेली बोटांमधली कातडी, डोळ्यात उडालेले पाणी, एवढी वाट त्यांना पुरते. जंतू शिरल्यापासून साधारण पाच ते चौदा दिवसांनी ताप येतो, क्वचित दोन दिवसांतही आणि क्वचित महिन्यानेही. म्हणून तापाच्या रुग्णाला 'काल कुठे होतास' असे न विचारता, गेल्या तीन-चार आठवड्यांत शेतात, ओहोळात, गोठ्यात किंवा पुराच्या पाण्यात काय काय केले, हे विचारावे लागते. हा प्रश्न विचारायला अर्धे मिनिट लागते, आणि गर्दीच्या दवाखान्यात नेमके तेच अर्धे मिनिट वाचवले जाते.

ताप एकदम चढतो, थंडी वाजते आणि डोके फार दुखते. इथपर्यंत तो डेंग्यू किंवा मलेरियाही असू शकतो. वेगळेपण दोन ठिकाणी दिसते. पहिले, पोटऱ्या आणि कंबर. नुसती अंगदुखी सगळ्याच तापांत असते, पण लेप्टोच्या रुग्णाची पोटरी हलकेच दाबली तरी तो पाय मागे ओढतो आणि चालताना पाय टेकवायला तयार नसतो. दुसरे, डोळे. ते लाल होतात, पण त्यांतून पू किंवा चिकट घाण येत नाही, खाज नसते, पापण्या चिकटत नाहीत. ही दोन्ही लक्षणे प्रत्येक रुग्णात असतात असे नाही, पण लावणीच्या दिवसांत, चिखलात काम केलेल्या माणसाला, तापासोबत यांपैकी एक जरी दिसले तरी मी तो रुग्ण लेप्टोचा समजून उपचार सुरू करत असे. रिपोर्टची वाट पाहत नसे.

आपण सांगितलेल्या रुग्णाचा ताप मध्येच उतरला, हेही या आजाराच्या स्वभावाला धरून आहे. अनेकांमध्ये पहिला ताप चार ते सात दिवसांत ओसरतो, एक ते तीन दिवस बरे वाटते आणि मग दुसरा टप्पा सुरू होतो, ज्यात यकृत, मूत्रपिंड, फुप्फुसे किंवा मेंदूची आवरणे यांना इजा झालेली दिसू शकते. घरचे लोक ज्या दिवशी 'उतार पडला' म्हणतात, तोच दिवस रुग्णाला पुन्हा तपासण्याचा असतो. गंभीर स्वरूप सुमारे पाच ते दहा टक्के रुग्णांमध्येच येते. परंतु कोणत्या रुग्णात ते येईल, हे पहिल्या दिवशी कोणालाही सांगता येत नाही.

कावीळ झाली तरच आजार गंभीर, हा गैरसमज डॉक्टरांमध्येही आढळतो. फुप्फुसांत रक्तस्राव होणारा प्रकार कावीळ नसतानाही येतो आणि तो सर्वांत घातक आहे. त्यात अर्ध्याहून अधिक रुग्ण दगावल्याच्या नोंदी आहेत. अंदमानात १९८८ पासून पावसाळ्यात ताप येऊन खोकल्यातून रक्त पडून माणसे मरत होती आणि त्याला 'अंदमान रक्तस्रावी ताप' असे नावही पडले होते. तो लेप्टोच आहे, हे १९९३ मध्ये उघड झाले. खेदाची बाब ही की याच बेटांवर लेप्टो आढळल्याचा अभ्यास १९३१ मध्येच प्रसिद्ध झालेला होता. मधल्या साठ वर्षांत तो सर्वांच्या विस्मरणात गेला.

आता हलवण्याबद्दल. श्वास मिनिटाला बावीसच्या वर जाणे, थोडे चालल्यावर धाप लागणे, थुंकीत रक्ताची रेघ दिसणे, दिवसभरात अर्ध्या लिटरहून कमी लघवी होणे, डोळे पिवळे होणे, वरचा रक्तदाब शंभरच्या खाली येणे, रुग्ण असंबद्ध बोलू लागणे किंवा सतत झोपेत राहणे, यांपैकी एकही गोष्ट दिसली तर प्राथमिक आरोग्य केंद्रात वेळ न घालवता जिथे डायलिसिस आणि कृत्रिम श्वासोच्छ्वासाची सोय आहे अशा रुग्णालयात न्यावे, आणि शक्य असेल तर निघण्यापूर्वी प्रतिजैविकाचा पहिला डोस शिरेतून द्यावा. एक इशारा मुद्दाम देतो. लेप्टोमध्ये मूत्रपिंडे बिघडूनही लघवी भरपूर होत राहू शकते आणि पोटॅशियम वाढण्याऐवजी घटते. तेव्हा 'लघवी साफ होते' एवढ्यावर समाधान मानू नये, मूत्रपिंडांचे काम दाखवणारे रक्तातले क्रिएटिनिन तपासावेच.

उपचार महाग नाही, ही यातली दिलासा देणारी गोष्ट. सौम्य रुग्णाला डॉक्सीसायक्लीन १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा सात दिवस, गरोदर स्त्रियांना आणि लहान मुलांना अमॉक्सिसिलीन, आणि गंभीर रुग्णाला शिरेतून पेनिसिलीन किंवा सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन दिले जाते. औषध अर्थातच डॉक्टरांनी तपासून द्यायचे आहे, हे वाचून कोणी दुकानातून आणू नये. त्याहून आग्रहाने सांगायचे ते वेदनाशामक इंजेक्शनाबद्दल. आपल्याकडे अंग दुखते म्हटले की डायक्लोफेनॅक टोचण्याची पद्धत पडली आहे. मूत्रपिंडांवर आधीच ताण असलेल्या आणि प्लेटलेट घटत असलेल्या रुग्णाला ते दुहेरी मारक ठरू शकते. सोबत स्टेरॉइड दिले असेल तर ताप तेवढ्यापुरता झाकला जातो आणि दोन मोलाचे दिवस वाया जातात. तापाला पॅरासिटामॉल पुरेसे आहे.

उत्तर: सूक्ष्मदर्शी

मी सूक्ष्मजीवशास्त्र प्रयोगशाळेत काम करतो. निगेटिव्ह रिपोर्टचे कोडे सुटण्यासारखे आहे. आपल्याकडे बहुधा जी तपासणी होते, ती जंतू शोधत नाही, तर जंतूविरुद्ध शरीराने तयार केलेली आयजीएम प्रतिपिंडे शोधते. ही प्रतिपिंडे रक्तात दिसण्याइतकी वाढायला तापाच्या सुरुवातीपासून साधारण पाच ते सात दिवस लागतात. तिसऱ्या दिवशी घेतलेल्या नमुन्यात ती नसणे अपेक्षितच होते. त्या रिपोर्टचा खरा अर्थ 'लेप्टो नाही' असा नसून 'अजून सांगता येत नाही' असा होता. दुर्दैवाने छापील कागदावर फक्त निगेटिव्ह एवढेच असते आणि नमुना तापाच्या कितव्या दिवशी घेतला याची नोंद बहुतेक मागणीपत्रांवर नसते. आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक मागणीपत्रावर तापाचा दिवस लिहिलेला असावा, एवढी एकच सुधारणा झाली तरी अर्धे गैरसमज मिटतील.

पहिल्या आठवड्यात रक्तात जंतूचाच जनुकीय अंश शोधणारी पीसीआर तपासणी उपयोगी पडते, पण ती मोजक्याच ठिकाणी होते. निदानावर शेवटची मोहोर उमटवणारी मॅट ही चाचणी जिवंत जंतूंवर करावी लागते आणि तिला दहा-पंधरा दिवसांच्या अंतराने घेतलेले दोन नमुने लागतात. दुसऱ्या नमुन्यात प्रतिपिंडांची पातळी चौपट वाढली तर निदान पक्के. साहजिकच ही चाचणी साथीचा अभ्यास करणाऱ्याच्या कामाची आहे, खाटेवरच्या रुग्णाच्या नाही. म्हणून पहिल्या दिवशीचा नमुना फेकून न देता रक्तजल शीतपेटीत जपून ठेवावे आणि निगेटिव्ह आले तर आठवड्याने पुन्हा नमुना घ्यावा.

त्याउलट, तालुक्याच्या साध्या प्रयोगशाळेतही होणाऱ्या तपासण्या पुष्कळ काही सांगून जातात. प्लेटलेट लेप्टोतही घटतात आणि डेंग्यूतही, त्यामुळे तेवढ्यावर निष्कर्ष काढणे चूक आहे. मात्र पांढऱ्या पेशी डेंग्यूमध्ये सहसा कमी होतात, तर लेप्टोमध्ये बहुधा वाढतात आणि त्यांत न्यूट्रोफिल या प्रकारच्या पेशींचे प्रमाण जास्त असते. काविळीचा रुग्ण असेल तर बिलिरुबिन (काविळीचे रंगद्रव्य) पुष्कळ वाढलेले आणि एसजीपीटी (यकृताची इजा दाखवणारे द्रव्य) मात्र बेताचेच, ही जोडी विषाणूजन्य काविळीपेक्षा लेप्टोकडे बोट दाखवते. स्नायूंना इजा झाल्यामुळे रक्तातले सीपीके हे स्नायूंतले द्रव्य वाढते. लघवीत प्रथिने आणि रक्तपेशी दिसतात. या सगळ्याला एका संध्याकाळपेक्षा जास्त वेळ लागत नाही.

थोडे विषयाच्या कडेने, पण किनारपट्टीच्या डॉक्टरांनी लक्षात ठेवावे असे. पावसाळ्यात मधुमेही शेतकऱ्याला ताप आणि न्यूमोनिया किंवा यकृत-प्लीहेत गळू झाले आणि सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनने उतार पडत नसेल, तर मेलिऑयडोसिस या दुसऱ्या जंतुजन्य आजाराचा विचार करावा. हा जंतूही मातीत आणि पाण्यात राहतो. कर्नाटकच्या किनारपट्टीवर त्याचे रुग्ण नियमित सापडतात आणि आपल्याला वेगळी माती मिळालेली नाही. रक्ताच्या कल्चरमध्ये हा जंतू उगवतो, पण 'स्यूडोमोनास' म्हणून नोंदला जाऊन दुर्लक्षित होतो. ऑक्सिडेज पॉझिटिव्ह असलेला, जेंटामायसिन आणि कोलिस्टिन दोन्हींना न जुमानणारा, पण को-अमॉक्सिक्लॅव्हला संवेदनशील असा जंतू दिसला, तर प्रयोगशाळेने तो वरच्या प्रयोगशाळेकडे पाठवलाच पाहिजे. त्याला सेफ्टाझिडाइम किंवा मेरोपेनेम लागते आणि नंतर कित्येक महिने गोळ्या घ्याव्या लागतात.

उत्तर: ऑरेंजसिटी

वरील सर्व मान्य करून विदर्भातून एक भर घालतो. २०१८ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये नागपूर आणि आसपासच्या जिल्ह्यांत स्क्रब टायफसचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले आणि तोवर ज्यांनी हा आजार केवळ पुस्तकात वाचला होता त्यांना तो रोज पाहावा लागला. झुडपांतल्या आणि गवतातल्या एका सूक्ष्म किड्याच्या पिल्लाच्या चाव्यातून तो होतो. ताप, डोकेदुखी, प्लेटलेट घटणे, यकृत आणि फुप्फुसांना इजा, सगळे लेप्टोसारखेच. फरक सांगणारी खूण म्हणजे चाव्याच्या जागी पडणारी, सिगारेटचा चटका बसल्यासारखी काळी खपली. ती दुखत नाही, म्हणून रुग्ण सांगत नाही. आणि ती असते काखेत, जांघेत, स्तनाखाली, कमरपट्ट्याखाली, म्हणजे कपडे न काढता तपासले तर दिसत नाही.

हे सांगण्याचे कारण असे की स्क्रब टायफसवर पेनिसिलीन किंवा सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनचा काही उपयोग होत नाही, डॉक्सीसायक्लीनचा होतो आणि बहुतेकांचा ताप दोन दिवसांत उतरतो. गरोदर स्त्रीला अ‍ॅझिथ्रोमायसिन देता येते. म्हणून पावसाळ्यातल्या अशा गंभीर तापात, निदान स्पष्ट होईपर्यंत, सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनसोबत डॉक्सीसायक्लीन सुरू ठेवणे मला शहाणपणाचे वाटते.

उत्तर: निवृत्त वैद्यकीय अधिकारी

सहमत आहे. मलेरियाची तपासणी मात्र त्याच वेळी झाली पाहिजे, कारण फाल्सिपेरम मलेरिया यांपैकी कशाचेही सोंग घेऊ शकतो. दोडामार्गकडचे वाचक माकडतापाबद्दल विचारतील म्हणून सांगतो, तो गोचिडीतून पसरणारा विषाणूचा आजार असून त्याचा हंगाम जानेवारी ते मे, म्हणजे काजू गोळा करण्याच्या दिवसांचा आहे. लावणीतल्या तापाचे खापर त्याच्यावर फोडू नये.

उत्तर: उपकेंद्र

मी कोकणातल्या एका उपकेंद्रात आरोग्यसेविका आहे. गोळ्या वाटण्याच्या आग्रहाबद्दल लिहिते, कारण तो आग्रह दरवर्षी आमच्याच दारात येतो.

डॉक्सीसायक्लीन २०० मिलिग्रॅम आठवड्यातून एकदा, असे प्रतिबंधक प्रमाण आहे. त्याचा आधार मोठ्या प्रमाणावर १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. पनामाच्या जंगलात प्रशिक्षणासाठी गेलेल्या ९४० अमेरिकी सैनिकांपैकी निम्म्यांना ही गोळी आणि निम्म्यांना औषध नसलेली गोळी दिली, तेव्हा औषध न मिळालेल्यांपैकी २० जणांना आणि औषध घेतलेल्यांपैकी एकालाच लेप्टो झाला. पण ते सैनिक तिथे तीनच आठवडे होते. कायम चिखलात राबणाऱ्या माणसांसाठी आपल्या अंदमानातला अभ्यास अधिक जवळचा आहे. तो २००० साली प्रसिद्ध झाला आणि त्यात ७८२ जण होते. तिथे संसर्ग होण्याचे प्रमाण दोन्ही गटांत सारखेच राहिले, मात्र प्रत्यक्ष आजारी पडणाऱ्यांचे प्रमाण ६.८२ टक्क्यांवरून ३.११ टक्क्यांवर आले. म्हणजे गोळीने जंतू अडत नाही, आजाराची धार कमी होते. गोळी घेतलेल्या माणसालाही ताप आला तर तो लेप्टो नसेलच, असे समजता येत नाही.

त्यामुळे सरसकट वाटपाला माझा विरोध आहे. रुग्ण निघालेल्या वाडीतले, चिखलात उतरणारे, पायाला जखमा असलेले लोक, आणि लावणीचे ऐन आठवडे, एवढ्यापुरतेच वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या सल्ल्याने वाटप असावे. घरात बसलेल्या आजीला, मुंबईहून सणाला आलेल्या पाहुण्याला आणि शाळकरी मुलांना ती देऊन काही साधत नाही. गरोदर स्त्रियांना ती द्यायची नाही, म्हणून वाटपाच्या यादीपुढे पाळीची तारीख विचारून लिहावी लागते, आणि हे काम घाईत टाळले जाते. दुसरी अडचण गोळी घेण्याच्या पद्धतीची. ही गोळी उपाशीपोटी, घोटभर पाण्याबरोबर घेऊन माणूस आडवा झाला तर ती अन्ननलिकेत अडकून तिथे जखम करते. म्हणून मी गोळी हातात देऊन पुढे जात नाही, जेवणानंतर, पेलाभर पाण्याबरोबर, माझ्यासमोर बसून घ्यायला लावते. उन्हात काम करणाऱ्या काहींच्या त्वचेची आगही होते, तेही आधी सांगितलेले बरे, नाहीतर एकाच्या अंगावर चट्टे उठले की दुसऱ्या दिवशी अख्खी वाडी गोळी नाकारते.

गमबूट आणि हातमोजे वापरा, असे प्रत्येक पत्रकात छापलेले असते. चिखलात गमबूट रुततो, त्यात पाणी शिरते आणि रोप लावताना हातमोज्यात बोट चालत नाही, हे पत्रक छापणाऱ्याने एकदा लावणी करून पाहिल्यास समजेल. आमच्या भागात त्यापेक्षा जे टिकले ते असे: जखमेवर आणि भेगांवर सकाळी जंतुनाशक मलम लावून चिकटपट्टी मारणे, चिखल्या झालेल्या बोटांना आधी औषध करून ते बरे होईपर्यंत त्या माणसाला बांधावरचे काम देणे, आणि घरी येताच स्वच्छ पाण्याने आणि साबणाने पाय धुऊन पुसून कोरडे करणे. नांगरणी आणि गवत काढण्याच्या कामात गमबूट चालतो, तिथे तो जरूर वापरावा.

खरे काम घरभेटीत आहे. आशाताई ताप असलेल्या घराची नोंद करतात, ती पोर्टलवर चढते, हे ठीक, पण त्या नोंदीत एक रकाना मी स्वतः वाढवला आहे: तापाचा पहिला दिवस कोणता. त्यावरून पाचव्या दिवशी त्याच घरात पुन्हा जायचे. ताप उतरलेला असला तरी जायचे, डोळ्यांचा रंग पाहायचा, श्वास मोजायचे आणि लघवी किती वेळा झाली ते विचारायचे. वर डॉक्टरसाहेबांनी जो मधला फसवा काळ सांगितला, तो याच भेटीत सापडतो. एका वाडीत आठवड्यात दोनहून अधिक सारखे ताप दिसले तर नमुन्यांच्या निकालाची वाट न पाहता तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना फोन करावा. ग्रामपंचायतीने मदत करायचीच असेल तर रात्री-अपरात्री रुग्ण नेण्यासाठी एका वाहनाची आणि चालकाची सोय निश्चित करून ठेवावी. १०८ नेहमीच वेळेत पोहोचते असे नाही.

उत्तर: बांधावरून

कृषी विभागातून निवृत्त झालो आहे. ब्लीचिंग पावडरचा प्रस्ताव ग्रामसभेने मागे घ्यावा, असे मी सुचवेन. क्लोरीनने हे जंतू मरतात हे खरे, पण चिखलातल्या सेंद्रिय द्रव्यात क्लोरीन तिथल्या तिथे संपते. शेतात टाकलेली पावडर म्हणजे पैसे आणि रोपे दोन्ही वाया घालवणे. तीच पावडर विहिरीच्या आणि टाकीच्या पाण्यात नियमाने पडते का आणि जलसुरक्षक ओटी चाचणी (पाण्यात क्लोरीन उरले आहे का, हे पाहणारी) रोज करतो का, हे पाहिले तर निदान घरात पाय धुवायचे पाणी तरी सुरक्षित राहील.

उंदरांचे काम मात्र गावाने एकत्र केले पाहिजे. एकट्याने आपल्या बांधात औषध टाकले तर शेजारच्या बांधातले उंदीर आठवड्यात रिकाम्या बिळांत येतात. ही मोहीम पावसाआधी, मे अखेरीस घ्यावी, कारण तेव्हा शेतात खायला काही नसल्याने आमिष घेतले जाते आणि बिळांची तोंडे उघडी दिसतात. संध्याकाळी बांधावरची सगळी बिळे मातीने बुजवावीत. सकाळी जी उकरलेली दिसतील तीच चालू बिळे, आणि फक्त त्यांच्यातच आमिष ठेवायचे. झिंक फॉस्फाइड वापरायचे असेल तर आधी दोन दिवस धान्याच्या भरड्याला तेल चोळून बिनविषारी आमिष द्यावे लागते, नाहीतर थोडेसे चाखून आजारी पडलेले उंदीर पुन्हा त्याला तोंड लावत नाहीत. हे विष माणसालाही तितकेच घातक आहे, म्हणून ते कृषी सहायकाच्या देखरेखीखालीच हाताळावे, उरलेले घरी नेऊ नये, आणि मेलेले उंदीर हातमोजे घालून खोल पुरावेत. पावसाचे पाणी बिळात शिरल्यावर मोहीम काढण्यात अर्थ नाही. मृत्यू झाल्यानंतर जुलैमध्ये निघालेल्या मोहिमा मी पाहिल्या आहेत. त्यांत फक्त छायाचित्रे चांगली येतात.

गोठ्याकडे कोणी लक्ष देत नाही, हे त्याहून वाईट. आपल्याकडे गोठ्याचे मूत्र उघड्या चरातून वाहत जाऊन खालच्या मळ्यात उतरते आणि त्याच मळ्यात दुसऱ्या दिवशी लावणी असते. चर वळवून शोषखड्ड्यात सोडला आणि गोठ्याची जमीन कोबा करून कोरडी ठेवली, तर गुरांकडून येणारी वाट बरीच अरुंद होते. गाभण जनावरे एकामागून एक गाभडू लागली, तर पशुवैद्यकांना कळवून लेप्टोची तपासणी करून घ्यावी. ब्रुसेलोसिसचीही करावीच. तो आजारही माणसाला होतो.

प्रश्नकर्ता: लालमाती

सर्वांचे मनापासून आभार. चालू बिळे ओळखण्याची पद्धत आणि पाचव्या दिवसाची घरभेट या दोन गोष्टी मी येत्या ग्रामसभेपुढे ठेवणार आहे आणि पावडरचा प्रस्ताव मागे घ्यायला लावणार आहे. एकच प्रश्न उरतो. आमच्याकडे दोघे जण डायलिसिस होऊन वाचले आणि घरी आले. एकदा झाला म्हणजे पुन्हा होणार नाही, असे म्हणून त्यांतला एक यंदा अनवाणीच चिखलात उतरतो आहे. त्याला काय सांगावे?

उत्तर: निवृत्त वैद्यकीय अधिकारी

त्याला सांगावे की पुन्हा होऊ शकतो. या जंतूचे शेकडो उपप्रकार आहेत आणि एकामुळे मिळालेले संरक्षण दुसऱ्या उपप्रकाराच्या उपयोगी पडेलच असे नाही. मूत्रपिंडांच्या बाबतीत बातमी सहसा चांगली असते. वेळेवर डायलिसिस मिळालेल्या बहुतेकांची मूत्रपिंडे पूर्ववत होतात आणि कायम डायलिसिसची वेळ येत नाही. तरीही घरी आल्यावर काही आठवड्यांनी आणि पुढे काही महिन्यांनी क्रिएटिनिन आणि लघवीची तपासणी करून घ्यावी, आणि तोवर वेदनाशामक गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत.

एक गोष्ट रुग्णालयातून घरी सोडताना सहसा सांगितली जात नाही, ती दोघांनाही आवर्जून सांगा. आजार बरा झाल्यावर काही आठवड्यांनी, कधी अनेक महिन्यांनीही, डोळ्याच्या आतल्या पडद्यांना सूज येऊ शकते. तामिळनाडूत १९९३ च्या पुरानंतर मदुराईच्या नेत्रतज्ज्ञांना अशा रुग्णांची रीघ लागलेली दिसली आणि मागोवा घेतल्यावर त्यामागे लेप्टो निघाला. त्यामुळे या दोघांपैकी कोणाचा डोळा लाल होऊन दुखू लागला, उजेड सहन होईनासा झाला किंवा नजर धूसर झाली, तर 'डोळे आले' समजून दुकानातून थेंब आणू नयेत. नेत्रतज्ज्ञाकडे जाऊन आपल्याला लेप्टो झाला होता, हे आपणहून सांगावे, कारण तिथले उपचार साध्या डोळे येण्यापेक्षा वेगळे असतात.